आकाशातील रहदारी आणि डोळ्यांवरचा भरवसा



आकाश एवढे अफाट, मग त्यात दोन विमानांची टक्कर व्हावी कशी, असा प्रश्न साध्या माणसाला पडतो. उत्तर सोपे आहे. आकाश मोठे असले तरी विमानतळ लहान असतो. जत्रेच्या दिवशी सारे शिवार मोकळे असते. चेंगराचेंगरी होते ती देवळाच्या दाराशी. मोठ्या विमानतळाभोवती हेच घडते. उतरायला आलेले प्रवासी विमान ताशी सुमारे 460 किलोमीटर वेगाने येत असते आणि त्याच भागात हौशी किंवा शिकाऊ वैमानिकाचे छोटे विमान ताशी 185च्या आसपास चाललेले असते.

छोटी विमाने अमेरिकेत फार, म्हणून हा प्रश्न तेथे तीव्र झाला. 25 सप्टेंबर 1978 रोजी सॅन दिएगो शहरावर पॅसिफिक साउथवेस्ट कंपनीचे बोइंग 727 उतरायला आले. त्याच्या पुढे आणि खाली सेसना 172 हे छोटे विमान होते. त्यात एक वैमानिक शिक्षकाच्या देखरेखीखाली उपकरणांच्या आधारे उतरण्याचा सराव करीत होता. नियंत्रकांनी मोठ्या विमानाला छोट्याची सूचना दिली. वैमानिक म्हणाले, दिसले. तेव्हा नजरेने अंतर राखा, असे त्यांना सांगण्यात आले. पुढे छोटे विमान त्यांच्या नजरेआड झाले. वैमानिकांच्या आपसातील बोलण्यात शंका होती, पण ती मनोऱ्यापर्यंत स्पष्ट पोचली नाही. टकरीपूर्वी 19 सेकंद रडार-केंद्रात धोक्याची सूचना वाजली. पण असल्या सूचना विनाकारणही वाजत आणि वैमानिकांना तर विमान दिसलेलेच होते, म्हणून कोणी ती मनावर घेतली नाही. रोज खोटा वाजणाऱ्या भोंग्याला खऱ्या आगीच्या दिवशी कोण धावणार? 144 माणसे गेली. त्यांतली 7 खाली जमिनीवर होती.

आता डोळ्यांचा हिशेब पाहू. समोरासमोर येणाऱ्या या दोन विमानांमधील अंतर दर सेकंदाला सुमारे 180 मीटरने घटते. दिसणे, ओळखणे, ठरवणे आणि विमान वळवणे यांस साडेबारा सेकंद लागतात, असे अमेरिकन विमान-प्रशासनाचे कोष्टक सांगते. म्हणजे सव्वादोन किलोमीटरवरून ते दिसले पाहिजे. तेथून अकरा मीटर पंखांचे सेसना हातभर अंतरावर धरलेल्या ज्वारीच्या दाण्याएवढे दिसते. त्यातही एक मेख आहे. आपली नजर हलणाऱ्या वस्तूकडे चटकन जाते. पण सरळ रेषेत टकरीच्या मार्गावर असलेले विमान काचेवर जागचे हलत नाही. ते ठिपक्यासारखे स्थिर राहते आणि शेवटच्या क्षणी एकदम मोठे होते. जे खरे धोक्याचे, तेच सर्वांत कमी नजरेत भरते.

31 ऑगस्ट 1986 रोजी लॉस एंजलिसजवळ सेरिटोस येथे एरोमेक्सिकोचे डीसी-9 आणि एक छोटे पायपर विमान यांची टक्कर होऊन 82 माणसे मेली. पैकी 15 जमिनीवरची. मोठ्या विमानतळाभोवती राखीव हवाई क्षेत्र असते. उतरंड उलटी ठेवावी तसा त्याचा आकार, वर रुंद आणि खाली निमुळता. पायपर परवानगीवाचून त्यात शिरले होते आणि आपली उंची रडारला कळवणारे यंत्र त्यावर नव्हते. तरीही चौकशी मंडळाने मुख्य कारण म्हणून मेलेल्या वैमानिकाचे नाव लिहिले नाही. नियंत्रणव्यवस्थाच टक्कर टाळण्यास अपुरी पडली, असे लिहिले. कामगार चळवळीत आयुष्य घालवलेल्या माणसाला या वाक्याचे मोल कळते. एका माणसाची चूक होणारच. ती सावरणारी दुसरी सोय कोठे होती, हा खरा प्रश्न.

त्यानंतर नियम बदलले. मोठ्या विमानतळांपासून सुमारे 55 किलोमीटरच्या आत छोट्या विमानांना उंची कळवणारे यंत्र, काही अपवाद वगळता, सक्तीचे झाले. प्रवासी विमानांवर टक्कर टाळणारे यंत्र आले. ते दुसऱ्या विमानाला विचारते आणि वैमानिकाला वर जा किंवा खाली जा असे सांगते. आपल्या देशात ते सक्तीचे झाले ते 1996 साली चरखी दादरीवर दोन मोठी विमाने आदळून 349 जीव गेल्यावर. पण समोरच्या विमानावर उत्तर देणारे यंत्र नसेल, तर हे यंत्रही आंधळेच.

छोट्या विमानांचे मालक खर्चाची तक्रार करीत. आकाश सर्वांचे आहे, असे म्हणत. आकाश सर्वांचे आहेच. म्हणूनच त्यातील सुरक्षिततेचा खर्च कोणी उचलायचा, हे सार्वजनिकरीत्या ठरले पाहिजे. खाली घरात झोपलेल्या माणसाने तो जिवाने भरू नये.

29 जानेवारी 2025 रोजी वॉशिंग्टनजवळ प्रवासी विमान आणि लष्करी हेलिकॉप्टर यांची टक्कर होऊन 67 माणसे गेली. तेथेही हेलिकॉप्टरने नजरेने अंतर राखण्याचे स्वीकारले होते आणि दोन जागांचे काम एकच नियंत्रक सांभाळत होता. इतकी यंत्रे आली, तरी शेवटचा भार माणसाच्या डोळ्यांवर टाकण्याची सवय गेलेली नाही. डोळा हा मदतनीस आहे. त्याला एकट्याला पहाऱ्यावर ठेवू नये, एवढेच मला सांगायचे आहे.