निसर्ग आणि प्रकृती

‘चार दिवस निसर्गाच्या सान्निध्यात काढून आलो,’ असे आपण सहज बोलून जातो. या बोलण्यात निसर्ग म्हणजे डोंगर, ओढे, वृक्षराजी. मनुष्य मात्र तेथला पाहुणा. शब्दाचे मूळ शोधू जाता निराळाच अर्थ हाती येतो.

‘निसर्ग’ शब्दात ‘सृज्’ हा संस्कृत धातू आहे. सोडणे व त्यावरून उत्पन्न करणे, असा त्याचा अर्थ. सृष्टी, विसर्जन, उत्सर्ग, संसर्ग ही सारी त्याच घराण्यातील भावंडे. निसर्ग म्हणजे जन्मतःच अंगी असलेला स्वभाव. म्हणून संस्कृतात ‘निसर्गसुंदर’ म्हणजे अलंकारांवाचून, मुळातच सुंदर. आज तोच शब्द आपण कोकणातील एखाद्या खाडीला लावतो. बालकवींना (१८९०–१९१८) ‘निसर्गकवी’ म्हणताना हा बाह्य सृष्टीचा अर्थच मनात असतो.

‘प्रकृती’चा संसार याहून मोठा. सांख्यदर्शनात ती सत्त्व, रज व तम या गुणांची साम्यावस्था, विश्वाचे मूळ कारण. व्याकरणात प्रत्यय लागण्यापूर्वीचे शब्दाचे रूप. आयुर्वेदात वात, पित्त व कफ यांवरून ठरणारी शरीराची घडण. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात स्वामी, अमात्य आदी राज्याची सात अंगे. सर्वत्र ‘मूळची घडण’ हेच सूत्र. मराठीत आयुर्वेदाचा अर्थ रुळला. म्हणून आपण ‘प्रकृती कशी आहे?’ असे विचारतो. इंदूर-ग्वाल्हेरकडे हिंदीत ‘प्रकृति’ म्हणजे प्रामुख्याने बाह्य सृष्टी. बडोद्यास गुजरातीत व हैदराबादेस उर्दूत ‘कुदरत’ ऐकू येते. तो शब्द अरबी असून त्याचा मूळ अर्थ सामर्थ्य.

युरोपातही असेच घडले. इंग्रजी ‘नेचर’ लॅटिन ‘नातूरा’पासून आला. त्याच्या मुळाशी जन्मणे हा अर्थ आहे आणि तो धातू आपल्या ‘जन्’ धातूचा सगोत्र. ग्रीक शब्द ‘फ्यूसिस’. त्याचे मूळ वाढण्यात. ‘फिजिक्स’ हे नाव त्यावरूनच पडले.

जन्म, वाढ, घडण, सामर्थ्य! यांपैकी एकही शब्द मुळात नुसत्या देखाव्याचे नाव नव्हता. आणि जन्मणे व वाढणे मनुष्यालाही चुकलेले नाही. तरीही ‘निसर्गाचे रक्षण करा’ हे वाक्य आपण परक्यावर उपकार करावयाचे असल्यासारखे ऐकतो. नदीत मळी सोडली की काठच्या विहिरी नासतात व घरोघरी आजार शिरतात. बाहेरची प्रकृती बिघडली की अंगची प्रकृतीही बिघडते. दोहोंस एकच शब्द आहे, हे विसरू नये.