उज्जैनचे दोन दिवस

ऑगस्ट १९३६ मध्ये बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या जेसी ओवेन्सने चार सुवर्णपदके जिंकली. त्याची लांब उडी ८.०६ मीटरची होती, हे आजही कोणीही पाहून सांगू शकतो. त्याच ऑलिंपिकच्या निमित्ताने अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथकही बर्लिनला गेले होते. देशी खेळांच्या प्रात्यक्षिकांत त्यांनी मल्लखांब दाखवला आणि पाहणारे थक्क झाले, ही आठवण आपण अजून अभिमानाने सांगतो. पण त्या मुलांपैकी कोणाचे फरारे किती तोलाचे होते, कोणाची उतरती चुकली, हे कळायला मार्ग नाही. ते मोजायचे असते असे तेव्हा कोणाला वाटलेच नव्हते. पराक्रम दोन्हीकडे होता. फरक पडला तो मोजपट्टीमुळे. म्हणूनच मल्लखांबाच्या आधुनिक इतिहासातला निर्णायक प्रसंग बर्लिनमध्ये घडला असे मला वाटत नाही. तो घडला क्षिप्रेकाठी उज्जैनला, २८ आणि २९ जानेवारी १९८१ ला.

त्याआधीची हकिगत फारशी सुखाची नाही. १९५८ साली दिल्लीच्या राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स स्पर्धेच्या वेळी मल्लखांब देशपातळीवर दिसला, १९६२ पासून त्याच स्पर्धांत त्याला जागा मिळाली आणि १९६८ पासून विद्यापीठांच्या स्पर्धांतही तो आला. घर मात्र परक्याचे होते. १९७६ साली जिम्नॅस्टिक्स महासंघाने त्याला बाहेर काढले. कारण एवढेच की आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्समध्ये मल्लखांब नाही. पुढची चार वर्षे राष्ट्रीय स्पर्धाच झाली नाही. मग त्या जानेवारीत उज्जैनच्या बमशंकर जोशी यांनी पुढाकार घेऊन निरनिराळ्या राज्यांच्या संघांना स्पर्धेसाठी आपल्या गावी बोलावले. मल्लखांबाचा स्वतंत्र महासंघ उभारायचा हा हेतू त्यामागे उघड होता आणि त्याच वेळी भरलेल्या सभेत स्पर्धेचे नियम मांडले गेले. आश्रिताला स्वतःचे बिऱ्हाड मिळाले, ते असे.

यावर पहिला आक्षेप येईल तो परंपरेच्या अभिमान्यांकडून. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त ज्याचा उल्लेख सापडतो आणि पेशवाईत बाळंभटदादा देवधरांनी ज्याला नवे आयुष्य दिले, त्याला १९८१ च्या कागदाची काय मातब्बरी? पण देवधरांना त्याचे पुनरुज्जीवन करावे लागले, यातच उत्तर आहे. गुरूच्या अंगात असलेली विद्या गुरूबरोबर जाते. शिंद्यांची जुनी राजधानी असलेल्या उज्जैनमध्ये तालमींना तोटा नव्हता, आणि एरंडेल चोळलेल्या खांबावर अढी घालणारी पोरेही होती. तरी एका महासंघाच्या ठरावाने देशातल्या स्पर्धा थांबल्याच.

दुसरा आक्षेप असा की अमेरिकेत पैसा होता, दूरचित्रवाणी होती, म्हणून तिथले खेळाडू अमर झाले. हे अर्धेच खरे. हेन्री चॅडविक या पत्रकाराने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला बेसबॉलच्या सामन्यांचे आटोपशीर तक्ते वर्तमानपत्रात मांडायला सुरुवात केली, तेव्हा दूरचित्रवाणी कुठे होती? त्या तक्त्यांच्या सवयीमुळेच बेब रूथचे १९२७ मधले ६० होमरन आणि रॉजर मॅरिसचे १९६१ मधले ६१ यांवर तिकडे पिढ्यान्‌पिढ्या भांडता आले. नेस्मिथने बास्केटबॉल काढला, तोही १३ नियमांचा कागद भिंतीवर लावून. (आपल्याकडे भांडायला उत्साह कधीच कमी नव्हता, आकडे कमी होते.)

तिसरा आक्षेप मला जड वाटतो. गुण देणे सुरू झाले की खेळ गुणांपुरता उरतो. पुरलेला, टांगता आणि दोरीचा हे तीन प्रकार स्पर्धेत आले. बाटल्यांवरचा मल्लखांब आणि त्याच्यासारखे इतर प्रकार प्रात्यक्षिकांपुरते राहिले. हे नुकसान आहे आणि ते मान्य केले पाहिजे. पण मोबदल्यात काय मिळाले तेही पाहावे. २०१३ मध्ये मध्य प्रदेशाने मल्लखांबाला राज्यक्रीडा ठरवले. २०१९ मध्ये मुंबईत शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा झाली. २०२० चा द्रोणाचार्य पुरस्कार उज्जैनच्या योगेश मालवीय यांना मिळाला. २०२३ च्या आरंभी खेलो इंडिया युवा स्पर्धांमधला मल्लखांब उज्जैनलाच झाला. नियमांशिवाय यांतले काहीच शक्य नव्हते, कारण कोण जिंकले हे सांगता येत नाही त्या खेळाला पदक कशाचे द्यायचे?

आता एकच गोष्ट मागायची आहे. जानेवारी १९८१ च्या त्या दोन दिवसांची निमंत्रणपत्रिका, पंचांचे गुणतक्ते, संघांची छायाचित्रे किंवा वर्तमानपत्रांची कात्रणे उज्जैन, इंदूर, ग्वाल्हेर, पुणे, मुंबई कुठल्याही घरातल्या ट्रंकेत असतील, तर ती रद्दीत देऊ नका. जवळच्या ग्रंथालयात किंवा व्यायामशाळेत नेऊन द्या, आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने नावे लिहा.