हायब्रीड गाडीचे मायलेज कशावर ठरते?

घरी चार्ज करता न येणाऱ्या हायब्रीड मोटारीत ऊर्जा येते ती एकाच ठिकाणाहून, पेट्रोलच्या टाकीतून. बॅटरीतली वीजही त्याच पेट्रोलची. कधी ती इंजिनाने जनित्र फिरवून तयार केलेली असते, तर कधी धावत्या गाडीचा वेग कमी होताना परत मिळवलेली असते. टाकी ही विहीर आणि बॅटरी हा रांजण; रांजणातले पाणी विहिरीचेच. त्यामुळे ‘निम्मे अंतर विजेवर कापले, म्हणजे निम्मा प्रवास फुकट झाला’ हा विक्रेत्यांच्या तोंडचा हिशेब मुळातच टिकत नाही. हायब्रीड यंत्रणा बचत करते ती दोन मार्गांनी. इंजिन जिथे काटकसरीने चालते तिथेच ती त्याला चालवते, एरवी बंद ठेवते. आणि ब्रेक लावताना उष्णता होऊन वाया जाणारी ऊर्जा काही अंशी परत मिळवते. मायलेज वाढवणारी वा घटवणारी बहुतेक कारणे या दोन मार्गांना तरी अडतात, नाहीतर चाकांना लागणारी मूळ शक्तीच कमी-जास्त करतात.

भारतात ‘हायब्रीड’ हे नाव दोन अगदी वेगळ्या यंत्रणांना दिले जाते. २०१५ मध्ये मारुती सुझुकीने सिआझमध्ये आणलेली एसएचव्हीएस ही ‘माइल्ड’ यंत्रणा. तिच्यातली छोटी मोटर इंजिनाला हातभार लावते, सिग्नलला बंद झालेले इंजिन झटकन सुरू करते. पण एकटी गाडी ओढू शकत नाही. २०२२ मध्ये आलेल्या टोयोटा हायरायडर, मारुती ग्रँड व्हिटारा आणि होंडा सिटी ई-एचईव्ही या ‘स्ट्राँग’ हायब्रीड. त्यांच्यात इंजिन पूर्ण बंद ठेवून गाडी विजेवर चालू शकते. ग्रँड व्हिटारामध्ये दोन्ही प्रकार मिळत असल्याने तुलना सोपी होते. बाजारात आली तेव्हा माइल्ड यंत्रणेच्या मॅन्युअल गाडीचा जाहीर आकडा लिटरला २१.११ किलोमीटर होता, स्ट्राँगचा २७.९७. पुढील विवेचन स्ट्राँग हायब्रीडचे आहे. प्लगवर चार्ज होणाऱ्या हायब्रीडचे गणित निराळे असते.

या गाड्यांचे इंजिन ॲटकिन्सन चक्रावर चालते. जेम्स ॲटकिन्सन या ब्रिटिश अभियंत्याने १८८२ मध्ये मांडलेल्या कल्पनेचे हे आजचे रूप. आत येणाऱ्या हवेची झडप उशिरा बंद केली जाते, त्यामुळे दाबाच्या टप्प्यापेक्षा प्रसरणाचा टप्पा लांब होतो आणि जळलेल्या वायूतून जास्त काम काढून घेता येते. याची किंमत म्हणजे कमी वेगात इंजिनाचा जोर कमी पडतो. साध्या गाडीत हे चालले नसते, हायब्रीडमध्ये ती उणीव विद्युत मोटर भरून काढते. हायरायडर-व्हिटाराच्या दीड लिटरच्या तीन सिलिंडर इंजिनाची उष्णीय कार्यक्षमता ४० टक्क्यांपर्यंत जाते. मात्र हा आकडा ठरावीक भार आणि ठरावीक फेऱ्यांपुरताच खरा असतो. हलक्या भारावर कोणत्याही पेट्रोल इंजिनाची कार्यक्षमता निम्म्यावर येऊ शकते आणि गाडी उभी असताना ती शून्य असते. एक लिटर पेट्रोलमध्ये ढोबळमानाने नऊ युनिट (किलोवॉट-तास) ऊर्जा असते. चांगल्या स्थितीतले इंजिन तिच्यातून तीन युनिटच्या आसपास कामाची ऊर्जा काढते. पुढचे हिशेब याच तीन युनिटवर बेतले आहेत.

शहरी रहदारीत साध्या गाडीचे मायलेज घसरते, हायब्रीडचे टिकते किंवा वाढते. कारण रांगेत रखडताना तिचे इंजिन बंद असते आणि पुढे सरकण्यापुरते काम मोटर करते. महामार्गावर हा फायदा विरत जातो. तिथे इंजिन सतत चालते, ब्रेक क्वचित लागतो, म्हणजे बचतीचे दोन्ही मार्ग जवळपास बंद होतात. उरतो तो चांगल्या इंजिनाचा फायदा आणि हवेचा विरोध. हा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० किलोमीटरला जो असतो, त्याच्या सव्वादोन पट १२० ला. समृद्धी महामार्गावर मोटारींना १२० ची मुभा आहे. तिथे ती पुरेपूर वापरणाऱ्याला हायब्रीडसाठी मोजलेले जादा पैसे पेट्रोलमधून वसूल होताना दिसणार नाहीत. गाडीच्या आकाराचाही इथे संबंध येतो. टोयोटाच्या चौथ्या पिढीच्या प्रियस या हायब्रीड गाडीचा हवारोध गुणांक ०.२४ इतका खाली आणला होता. उंच, चौकोनी तोंडाच्या एसयूव्हीला तो जमत नाही, आणि टपावर कॅरिअर चढवले की उरलासुरला डौलही जातो.

जाहिरातीतला आकडा आणि प्रत्यक्षातला आकडा यांत तफावत पडते, कारण दोन्हींची परिस्थितीच वेगळी असते. भारतात हा आकडा प्रयोगशाळेत रुळांवर चाके फिरवून काढतात. ही चाचणी करणाऱ्या संस्थांपैकी सर्वांत परिचित म्हणजे पुण्याची एआरएआय. चाचणीचा वेगक्रम युरोपच्या जुन्या पद्धतीवरून घेतलेला आहे. पूर्ण फेरी वीस मिनिटांच्या आत संपते, कमाल वेग ताशी ९० किलोमीटर, वेग वाढवण्याची गती मवाळ आणि एसी बंद. वारंवार थांबणारा, सौम्य वेगाचा असा क्रम म्हणजे हायब्रीडचे आवडते मैदान. म्हणून साध्या गाडीपेक्षा हायब्रीडचा जाहीर आकडा अधिक फुगतो. अमेरिकेला याचा अनुभव आधीच आला होता. २००४ च्या प्रियसवर शहरासाठी गॅलनला ६० मैल आणि महामार्गासाठी ५१ मैल असे छापले होते. २००८ पासून तिथल्या पर्यावरण संस्थेने अतिवेग, कडक ऊन व एसी, आणि कडाक्याची थंडी यांच्या चाचण्या हिशेबात घेतल्या, तेव्हा त्याच गाडीचे आकडे ४८ आणि ४५ वर आले.

एसीचा परिणाम महाराष्ट्रातल्या वाहनधारकाला सर्वांत जास्त जाणवतो. स्ट्राँग हायब्रीडमध्ये एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, म्हणून इंजिन बंद असतानाही गारवा टिकतो. पण ती वीज बॅटरीतून जाते आणि बॅटरी उतरली की गाडी जागची हलली नाही तरी इंजिन सुरू होते. एसी किलोमीटरवर नव्हे, तासावर खातो. उन्हात तापलेली गाडी थंड करताना तो सरासरी दीड किलोवॉट घेतो असे धरले, तर तासाला सुमारे अर्धा लिटर पेट्रोल त्याच्यापायी जाते. ताशी ७५ च्या वेगाने हा भार किलोमीटरमागे ०.०२ युनिट पडतो. ताशी १५ ने सरकणाऱ्या रांगेत तोच ०.१ युनिट होतो, आणि गाडी चालवायलाच किलोमीटरला साधारण ०.१२ युनिट लागते. मे महिन्यातल्या दुपारी हिंजवडीच्या कोंडीत हायब्रीडचे मायलेज खाली का आले, याचे उत्तर बहुधा एवढेच असते. सावलीत गाडी लावणे आणि निघताना दोन मिनिटे काचा उघड्या ठेवून आतली तापलेली हवा घालवणे हे जुने उपाय इथेही लागू पडतात.

थंड इंजिनाचे दुखणे यापेक्षा कमी दिसते, पण छोट्या फेऱ्या करणाऱ्यांना तेच अधिक महाग पडते. सकाळी पहिल्यांदा गाडी सुरू केल्यावर तेल घट्ट असते आणि धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापलेला नसतो. तो तापेपर्यंत नियंत्रक इंजिन चालूच ठेवतो, बॅटरी भरलेली असली तरी. दोन किलोमीटरवरची शाळा, मग घर, तासाभराने भाजी बाजार, असा दिनक्रम असेल तर गाडी जवळपास पूर्ण वेळ या तापण्याच्या अवस्थेतच राहते. टोयोटाने अमेरिकेतल्या दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये यासाठी गरम कूलंट साठवणारी थर्मासवजा टाकी बसवली होती. पुढच्या पिढीत ती जाऊन धुराड्याच्या उष्णतेने कूलंट तापवण्याची सोय आली. कामे एकाच फेरीत उरकली तर यातला बराचसा तोटा टळतो.

ब्रेकमधून परत मिळणाऱ्या ऊर्जेबद्दल फार मोठ्या कल्पना असतात. माणसांसह १,४०० किलोची गाडी ताशी ६० च्या वेगात असताना तिच्यात सुमारे ०.०५ युनिट गतिज ऊर्जा असते, पेट्रोलमध्ये मोजली तर १८ मिलिलिटर. चाक, जनित्र, बॅटरी, मोटर आणि पुन्हा चाक या प्रवासात प्रत्येक पायरीवर थोडी गळती होते. पुन्हा कामी येते ती साठ टक्क्यांच्या आसपास. तेही ब्रेक हळुवार लावला तर. बॅटरी एका वेळी ठरावीक शक्तीच आत घेऊ शकते. करकचून ब्रेक दाबला की वरचा सगळा भार नेहमीच्या डिस्क-पॅडवर जातो आणि उष्णता होऊन उडतो. म्हणून लांबचा लाल सिग्नल पाहून आधीच पाय उचलणे फायद्याचे, आणि ब्रेक लावण्याची वेळच न येऊ देणे त्याहून फायद्याचे.

घाटात ही मर्यादा ठळक होते. लोणावळा ते खोपोली हा उतार साधारण साडेपाचशे मीटरचा. चार माणसांसह १,५०० किलोची गाडी तो उतरते तेव्हा सुमारे सव्वादोन युनिट ऊर्जा मोकळी होते. टायरचे घर्षण आणि हवा मिळून त्यातले एक युनिट खातात. उरलेली सव्वा युनिट बॅटरीत भरायची, तर हायरायडरच्या बॅटरीची एकूण क्षमताच ०.७६ युनिट. शिवाय आयुष्य वाढावे म्हणून ती पूर्ण भरू किंवा पूर्ण उतरू दिली जात नाही. उतार संपण्याच्या बराच आधी बॅटरी भरते आणि नंतरची ऊर्जा इंजिन नुसते फिरवण्यात आणि ब्रेकमध्ये संपवावी लागते. म्हणजे घाट चढताना जाळलेल्या पेट्रोलपैकी उतरताना परत मिळते ते थोडेच. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची आपल्याकडची जुनी सवय तर इथे दुहेरी चूक ठरते. टोयोटाच्या यंत्रणेत न्यूट्रलमध्ये बॅटरी चार्जच होत नाही, आणि इंजिनाचा रोध गेल्याने ब्रेकवर ताण येतो तो वेगळाच.

चालकाच्या बाबतीत आणखी एक गैरसमज मायलेज खातो. पडद्यावर ‘ईव्ही’ हा हिरवा दिवा जास्तीत जास्त वेळ दिसावा म्हणून काही जण पायाला अतिरेकी आवर घालतात किंवा बटण दाबून गाडी विजेवरच रेटतात. बॅटरी तळाला गेली की इंजिनाला गाडीही ओढावी लागते आणि बॅटरीही भरावी लागते. त्यात वीज बनवण्याची आणि साठवण्याची गळती पदरात येते. हव्या त्या वेगाला बऱ्यापैकी जोमाने पोचणे, मग पाय सैल करून इंजिनाला स्वतःहून बंद होऊ देणे, हेच यंत्रणेच्या स्वभावाला धरून आहे.

देखभालीत टायर पहिले. हवेचा दाब कमी असेल तर लोळण-घर्षण वाढते. मूळ टायर झिजल्यावर रुंद, दणकट टायर बसवले की मायलेज का पडले याचा शोध भलतीकडे सुरू होतो. इंजिन तेल कंपनीने सांगितलेलेच हवे. या इंजिनांना ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० अशी पातळ तेले लागतात, दाट तेल घातल्याने त्यांचे काही भले होत नाही. बॅटरी हवेने थंड होणाऱ्या गाड्यांत मागच्या आसनाजवळची जाळी धुळीने वा सामानाने बुजली तर बॅटरी तापते आणि नियंत्रक तिचा वापर आखडता घेतो.

इंधन बदलले की मायलेज बदलते, मग गाडी कोणतीही असो. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या दोन तृतीयांशच ऊर्जा असते. वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या ई-२० मध्ये म्हणूनच शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते. इथेनॉलच्या जास्त ऑक्टेनचा लाभ घेईल असे इंजिन असेल तर यातली थोडी तूट भरून निघते. ब्राझीलमध्ये टोयोटाने २०१९ मध्येच कोणत्याही प्रमाणातले इथेनॉल चालणारी हायब्रीड कोरोला विकायला काढली. भारतात ऑगस्ट २०२३ मध्ये याच धर्तीच्या इनोव्हा हायक्रॉसचा नमुना दाखवण्यात आला.

मायलेज मोजतानाही बॅटरीचे भान लागते. तिच्या वापरात येणाऱ्या भागात सुमारे ०.४ युनिट मावते असे धरले तर ते १३० मिलिलिटर पेट्रोलएवढे, म्हणजे तीनेक किलोमीटरचे अंतर. पाच किलोमीटरची फेरी भरलेल्या बॅटरीने सुरू होऊन उतरलेल्या बॅटरीने संपली, तर पडद्यावरचा आकडा अवास्तव चांगला दिसतो. उलट झाले तर तितकाच वाईट. ४५ लिटरच्या टाकीतले ३५ लिटर संपेपर्यंत हिशेब ठेवला, तर हा फरक अर्ध्या टक्क्याच्याही आत येतो. त्यासाठी एकाच पंपावर, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरावी, आणि पुढच्या वेळी तितकीच भरून मधल्या किलोमीटरना भरलेल्या लिटरनी भागावे.