संतपुरात प्रश्नमंजुषा घ्यायची तर

संतपूर बीदर जिल्ह्यातलं, औराद तालुक्यातलं. इथे पुण्यात छापलेलं सामान्यज्ञानाचं पुस्तक उघडून प्रश्न विचारले, तर पहिल्याच फेरीत वाद होईल. सीमाभागात प्रश्न नीट बांधावा लागतो.

भूगोल : आधी साल सांगा

‘उदगीर कोणत्या जिल्ह्यात?’ हा प्रश्न शेंबडं पोरही सोडवेल असं वाटतं. पण १ नोव्हेंबर १९५६पर्यंत याचं उत्तर बीदर होतं. राज्य पुनर्रचनेत उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले आणि उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले. १९८२मध्ये लातूर जिल्हा वेगळा झाला. इकडे औराद, भालकी म्हैसूर राज्यात आले; त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं ते १९७३मध्ये. आजोबा आणि नात एकाच संघात असले, की दोघांची उत्तरं वेगळी आणि दोन्ही खरी! प्रश्नात ‘सध्या’ एवढा शब्द घातला तरी भांडण मिटतं.

नदीचा प्रश्न हवा तर मांजरा घ्या. बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात उगम, मग लातूर, बीदर, पुढे तेलंगणात कंदकुर्तीजवळ गोदावरीशी संगम. एका नदीवर तीन राज्यांचे प्रश्न निघतात.

साहित्य : दोन्ही भाषांचं

मराठीला ज्ञानपीठ चार : खांडेकर, कुसुमाग्रज, विंदा, नेमाडे. हे पाठच असतं. कन्नडला आठ, हे मराठी शाळेतल्या मुलांना ठाऊक हवं. गंमत त्यापुढे आहे. कन्नड नाटककार गिरीश कर्नाड जन्मले कुठे? माथेरानला. असा प्रश्न दोन्ही माध्यमांच्या मुलांना सारखाच अवघड जातो, म्हणून तो मला सर्वांत न्याय्य वाटतो.

खेळ म्हणून कोडी घालायची रीत इथे नवी नाही. याच जिल्ह्यातल्या बसवकल्याणहून, म्हणजे तेव्हाच्या कल्याणीहून, राज्य करणाऱ्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ रचला. त्यात राजाच्या करमणुकीच्या खेळांत प्रहेलिका, म्हणजे कोड्यांचा खेळही आहे. बझर तेवढा नव्हता.

खेळ : विशेषण गाळू नका

‘भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक कोणी मिळवून दिलं?’ एवढंच विचारलं, तर कुणीतरी १९०० सालच्या नॉर्मन प्रिचर्डचं नाव घेणारच. ‘स्वतंत्र भारताला’ म्हणा, मग खाशाबा जाधव, हेलसिंकी, १९५२, कांस्य. खो-खोतही तेच. पारंपरिक सामन्यात मैदानात नऊ जण असतात, अल्टिमेट खो-खो लीगमध्ये सात. कोणता सामना, ते प्रश्नातच आलं पाहिजे.

गुण आणि तक्रारी

प्रश्न एकदा कन्नडमध्ये, एकदा मराठीत वाचावा. वेळ मोजायची ती दुसरं वाचन संपल्यावर. बझरच्या फेरीत मात्र ज्याची भाषा आधी, त्याचा हात आधी पडतो. म्हणून गुणांची मुख्य फेरी लेखी ठेवावी. उत्तर कोणत्याही लिपीत चालेल. तक्रार पुढच्या प्रश्नाआधीच ऐकावी. दोन उत्तरं खरी निघाली, तर गुण दोघांना द्यावेत आणि तो प्रश्न वहीतून खोडावा.