साथीचा ताप आणि डोळ्याचे दृष्टिपटल

कामठी व नागपूर परिसराला विषाणूजन्य तापाच्या साथी नव्या नाहीत. नागपुरात १९६५ साली आलेल्या साथीत चिकुनगुन्या आणि डेंग्यू या दोन्ही रोगांचे विषाणू आढळले होते. अशा तापाचा डोळ्यांवर होणारा परिणाम मात्र सहसा लक्षात येत नाही.

डोळ्यात मागील बाजूस असलेल्या दृष्टिपटलावर प्रतिमा उमटते. त्याचे पोषण अतिसूक्ष्म रक्तवाहिन्या करतात. डेंग्यू तीव्र झाल्यास या वाहिन्यांतून द्रव पाझरतो. रक्तातील प्लेटलेट पेशी घटल्याने रक्तस्रावही होऊ शकतो. दृष्टिपटलाच्या मध्यभागी सूज आली, तर अक्षरे धूसर दिसतात, सरळ रेषा वाकडी भासते किंवा नजरेसमोर काळा ठिपका राहतो.

ही लक्षणे बहुधा आठवड्याभराने, ताप उतरत असताना दिसतात. चिकुनगुन्यामध्ये तर ती काही आठवड्यांनीही उद्भवतात. त्यामुळे अशक्तपणा समजून त्यांकडे दुर्लक्ष होते. एक डोळा अधू झाला तरी दुसऱ्याने काम भागते, हेही त्याचे एक कारण होय.

यावर एक सोपी कसोटी आहे. तापातून उठलेल्या व्यक्तीने एकेक डोळा झाकून छापील मजकूर वाचावा. फरक जाणवल्यास विनाविलंब नेत्रतज्ज्ञाकडून दृष्टिपटलाची तपासणी करून घ्यावी. पुष्कळ रुग्णांची दृष्टी हळूहळू सुधारते. काहींच्या दृष्टीत मात्र कायमचा दोष राहतो. शाळेत परतलेल्या विद्यार्थ्यांबाबत शिक्षकांनी, तर गावातील रुग्णांबाबत पंचायत सदस्यांनी ही दक्षता घ्यावी. आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी रिकामी करून घासून कोरडी करणे, हा डासांवरील आणि पर्यायाने या तापावरील मूळ उपाय होय.