स्नायूंचा लगाम
इन्सुलिन म्हटलं की साखर, हे समीकरण आपल्या डोक्यात घट्ट बसलंय. स्नायूंसाठी मात्र त्याचं तितकंच मोलाचं काम म्हणजे प्रथिनांची मोडतोड रोखणं. १९२२च्या जानेवारीत टोरांटोत इन्सुलिन टोचलं गेलेला मधुमेही मुलगा लिओनार्ड थॉम्पसन १४ वर्षांचा होता आणि वजन जेमतेम २९ किलो. नुसती हाडं आणि कातडी. कुणी म्हणेल, तो खंगला मधुमेहावरच्या तेव्हाच्या उपासमारीच्या पथ्याने आणि लघवीवाटे वाहून जाणाऱ्या साखरेने. त्यात तथ्य आहेच. पण उंदराचा स्नायू शरीराबाहेर काढून पोषक द्रावणात ठेवला, तरीही इन्सुलिन मिळताच त्यातलं प्रथिनांचं विघटन मंदावतं. तिथे ना पथ्य, ना लघवी.

हे घडतं कसं, ते फार देखणं आहे. मोडीत काढायच्या प्रथिनावर पेशी युबिक्विटिनची चिठ्ठी डकवते आणि प्रोटिएसोम नावाच्या पिंपासारख्या यंत्रात त्याचे तुकडे होतात. चिठ्ठी डकवणारी स्नायूंतली दोन विकरं, अ‍ॅट्रोजिन-१ आणि मर्फ-१, २००१मध्ये उजेडात आली. त्यांची जनुकं जागी करणाऱ्या फॉक्सओ प्रथिनाला इन्सुलिन केंद्रकाबाहेर अडवून धरतं. कॉर्टिसॉल नेमकं उलट वागतं. म्हणून कॉर्टिसॉलसारखीच औषधी स्टेरॉइड दीर्घकाळ घेणाऱ्या काही रुग्णांना हाताचा आधार घेतल्याशिवाय खुर्चीतून उठवत नाही. मांड्याच साथ देत नाहीत. मग ही मोडतोड म्हणजे शत्रूच का? मुळीच नाही. लांबलेल्या उपवासात स्नायूंनी सोडलेल्या अमिनो आम्लांपासूनही यकृत मेंदूसाठी ग्लुकोज बनवतं.