आंबा उतरवायचा केव्हा? झाडालाच विचारा!

— ऊस विकास अधिकारी



कारखान्याचा पट्टा पडला, की शिवारात जरा उसंत मिळते आणि सर्वांचे लक्ष बांधावरच्या, विहिरीवरच्या, परसातल्या आंब्याकडे जाते. लागण पाहायला शेतावर गेलो, की हमखास प्रश्न येतो, "साहेब, केसर उतरवायला झाला का?" म्हणून या अंकात उसाऐवजी आंब्याविषयी लिहीत आहे.

ऊस आणि आंबा यांत मोठा फरक आहे. उसाची साखर उभ्या पिकातच तयार होते. तोडल्यावर ती वाढत नाही, उलट दर तासाला घटते. म्हणूनच आपण ताज्या उसाचा आग्रह धरतो. आंब्याचे उलट आहे. झाडावरचा तयार आंबा चाखला तर आंबटच लागतो. त्याच्या पोटात पिष्ट साठलेले असते आणि तोडल्यावर पिकताना त्याची साखर होते. तयार कैरीचा ब्रिक्स ८ ते १० च्या आसपास असतो, तोच आंबा पिकल्यावर १८ ते २० पर्यंत जातो. पण पिष्ट भरण्याआधीच फळ तोडले तर साखर कशाची होणार? असा आंबा अढीत सुरकुततो, रंगही धरतो, पण गोड कधीच होत नाही.

घाई कशामुळे होते?

कारणे तीन. अक्षय तृतीयेच्या सुमारास मिळणारा चढा भाव, वळवाच्या पावसाची धास्ती आणि झाड उक्ते घेणारा व्यापारी. व्यापाऱ्याला एका खेपेत झाड मोकळे करायचे असते. पण मोहोर एकाच वेळी येत नाही, दोन-तीन टप्प्यांनी येतो. म्हणजे एकाच झाडावर महिन्याभराच्या अंतराची फळे असतात. सगळी एकदम उतरवली, की पुढची तयार आणि मागची कोवळी एकाच पेटीत जातात. गिऱ्हाईक पुढच्या वर्षी फिरकत नाही. अडसाली आणि सुरू ऊस आपण एकाच दिवशी तोडतो काय? मग आंब्याला वेगळा न्याय कशाला?

तयार फळाच्या खुणा

१) खांदे : कोवळ्या फळाचा देठ उंचावर असतो. फळ भरले, की दोन्ही बाजूंचे खांदे देठाच्या वर येतात आणि देठाशी खळगा पडतो. ही सर्वांत भरवशाची खूण.

२) रंग : गर्द हिरवा रंग निवळून पोपटी होतो, सालीवर पांढुरकी लव येते, ठिपके स्पष्ट दिसतात. मात्र नुसत्या लालीवर जाऊ नये. उन्हाकडच्या बाजूला कोवळे फळही लालसर होते.

३) कोय : एक फळ उभे कापून पाहावे. कोय टणक झालेली असावी आणि तिच्यालगतचा गर पांढरा न राहता पिवळसर झालेला असावा.

४) पाणी : बादलीभर पाण्यात फळे सोडावीत. भरलेले फळ तळाला बसते, कोवळे तरंगते. दहापैकी सात-आठ तरंगली तर आठवडाभर थांबावे.

५) पाड : झाडावर एखाददुसरे फळ आपोआप पिकून पडले, म्हणजे पाड लागला. आपल्या वाडवडिलांची हीच खूण होती. मात्र कीड लागून गळालेले फळ म्हणजे पाड नव्हे.

जुन्या हिशेबाने १४ आणे तयार फळ उतरवावे. सोळा आणे होईपर्यंत झाडावर ठेवले तर पाखरे खातात, आणि हापूसमध्ये साका होण्याचा संभवही वाढतो.

उतरवताना

सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर तोड करावी. काठीने झोडपू नये, फांदी हलवू नये. आपटलेले फळ वरून चांगले दिसते, पण अढीत तेच आधी सडते. जाळी आणि पाते असलेला झेला वापरावा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा 'नूतन झेला' यासाठीच तयार केलेला आहे. फळाला दीड-दोन इंच देठ ठेवावा. देठ मुळाशी तुटला तर चीक उडून सालीवर काळे डाग पडतात. फळे सावलीत ठेवावीत. वळवाने भिजलेली फळे सुकवल्याशिवाय अढीत घालू नयेत.

अढीला भाताचा पेंढा किंवा कोरडे गवत घ्यावे. हवा खेळती ठेवावी, दोन-तीन थरांपेक्षा जास्त रचू नये. आठ-दहा दिवसांत घमघमाट सुटतो.

कार्बाइड नको

कोवळा आंबा 'पिवळा' करण्यासाठी काही जण कार्बाइडची पुडी ठेवतात. त्याने साल रंगते, गर आंबटच राहतो. शिवाय त्यात आर्सेनिक व फॉस्फरसचे अंश असू शकतात. अन्न सुरक्षा व मानके कायद्याखालील २०११ च्या नियमांनी कार्बाइडने पिकवलेल्या फळांच्या विक्रीला बंदी आहे. असला आंबा आपल्या पोराबाळांच्या ताटातही जातो, हे विसरू नये. आणि खरे तर, वेळेवर उतरवलेल्या आंब्याला पुडीची गरजच पडत नाही.

तेव्हा सभासदांनी इतके करावे. झाड उक्ते द्यायचेच असेल तर दोन-तीन खेपांत तोड करण्याची अट घालावी. दर चार दिवसांनी बादली घेऊन झाडाखाली जावे. बाजार काय म्हणतो ते ऐकावे, पण निर्णय झाडाचा मानावा.